पुरात बुडालेली शिडाची होडी: आधी वाळवा, मग जोडा

पुरात बुडालेली होडी हाती आली की माणूस सगळ्यात आधी रेझिनचा, म्हणजे जोड धरणाऱ्या चिकट रसायनाचा, भाव विचारायला जातो. पैसे वाचतात किंवा बुडतात ते मात्र रेझिनचा डबा उघडण्याच्या आधी. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत जुलैत बुडालेली होडी गणपतीच्या सुट्टीत जोडायला घेतली, तर ओलं लाकूड आतच कोंडलं जातं. वरून चकचकीत दिसणारा जोड पुढच्या पावसाळ्यात फुगतो आणि तेच काम पुन्हा पैसे मोजून करावं लागतं. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवी, हा मोह या वर्षापुरता सोडा.

इथे मी बारा-पंधरा फुटांच्या, दोन माणसांच्या डिंगीबद्दल, म्हणजे छोट्या उघड्या शिडाच्या होडीबद्दल लिहितोय. डोळ्यांसमोर एन्टरप्राइज नावाच्या जातीची होडी आहे. ब्रिटिश होडी-आराखडाकार जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये तिचा आराखडा केला. लांबी 4.04 मीटर, नुसत्या हलचं, म्हणजे डोलकाठी-शिडाशिवाय होडीच्या अंगाचं, वजन साधारण 90 ते 95 किलो. एनसीसीच्या नौदल शाखेमुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी शिडाचा दोर पहिल्यांदा हातात धरला तो याच होडीवर. जुन्या एन्टरप्राइज प्लायवुडच्या असतात, नंतरच्या फायबरच्या. दोन्हींची दुरुस्ती जमेल तशी सांगतो. केबिनवाली मोठी सेलबोट असेल तर तत्त्वं हीच, पण खर्चाचं गणित पार वेगळं.

हात लावण्याआधी

विमा असेल तर चिखल काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. धुऊन स्वच्छ केलेल्या होडीचं नुकसान कुणाला दाखवता येत नाही.

पुराच्या पाण्यात नाल्यांचं पाणी, डिझेल आणि उंदरांचं मूत्र सगळं मिसळलेलं असतं. 2005 च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, ती याच पाण्यातून. गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच काम करा. पायाला जखम असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचं आपणहून सांगा. डेकखालच्या कप्प्यात हात घालण्याआधी बॅटरी मारा, कारण पुरात सापांनाही कोरडी जागा लागते. साप दिसला तर काठी शोधत बसू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आणखी एक, आणि हे घाईत हमखास विसरलं जातं: पाण्याने भरलेली होडी उचलू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अर्ध्या भरलेल्या डिंगीत माणसांना न पेलणारं वजन असतं, आणि पुरातून वाचलेला हल तुमच्याच हातात मधोमध तडकतो. आहे तिथेच बूच काढा, बादलीने पाणी उपसा, हवाबंद टाक्यांची (होडीला तरंगत ठेवणाऱ्या पोकळ कप्प्यांची) झाकणं उघडा. रिकामी झाली की मग चार जणांना बोलवा.

ठेवायची की सोडायची

या पायरीवर भावनेला थारा देऊ नका. पहिली तपासणी पिळाची. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, त्यात पाणी भरा आणि होडीच्या कडांवर पुढे, मध्ये आणि मागे डाव्या-उजव्या बाजूची उंची जुळते का बघा. होडी आधी पुढच्या टोकाला सरळ बसवून घ्यायची. पुढे जुळतंय आणि मागे दोन बोटांचा फरक येतोय, तर हल पिळला आहे. पिळलेली होडी सरळ चालत नाही आणि कमी खर्चात सरळ होतही नाही. ती सोडा. डोलकाठी, शीड, रडर (सुकाणू), कप्प्या काढून घ्या आणि दुसरा हल शोधा.

दुसरी तपासणी वजनाची. घरातला वजनकाटा पुरतो. नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) काटा आणि मागे तेवढ्याच उंचीचा ठोकळा ठेवून एक आकडा घ्या, मग जागा बदलून दुसरा घ्या. दोन्हींची बेरीज म्हणजे होडीचं वजन. ती मूळ वजनापेक्षा जितकी जास्त, तितकं पाणी होडीने पोटात धरलंय. हा आकडा आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा, पुढे दर आठवड्याला लागणार आहे.

तिसरी तपासणी कानाची. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वितभर अंतरावर ठोकत पूर्ण हल फिरा. घट्ट भाग ‘ठण्’ वाजतो, सुटलेला ‘भद्द’ वाजतो. भद्द वाजेल तिथे खडूने गोल करा. प्लायच्या होडीत त्याच जागी अणकुचीदार टोच्या दाबून बघा. लाकूड काळं पडलंय पण टोच्या शिरत नाही, तर तो नुसता डाग. टोच्या लोण्यात गेल्यासारखा शिरला तर ते कुजलेलं, कापायचंच. सेंटरबोर्डची (मधोमध पाण्यात खाली सोडायच्या फळीची) पेटी हलाला मिळते तो कोपरा, डोलकाठीचा बुंधा बसतो ती जागा आणि ट्रान्समचा (होडीच्या मागच्या सपाट फळीचा) खालचा काठ या तीन ठिकाणी जास्त वेळ द्या. तिन्ही कुजल्या असतील तर माझं मत स्पष्ट आहे: स्वस्तात होणार नाही.

धुणं, आणि टीडीएस मीटरचा वेगळा उपयोग

मीठ हवेतला ओलावा ओढतं. खाडीच्या पाण्यात बुडालेलं प्लाय नीट न धुता वाळवायला ठेवलं तर ते कोरडं पडतच नाही, सकाळी पुन्हा दमट लागतं. म्हणून धुणं दोनदा: एकदा चिखलासाठी, एकदा मिठासाठी. डेकवरची सगळी फिटिंग्ज उतरवा, प्रत्येक स्क्रूचं भोक मोकळं करा, साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने गाळ काढा. मग टाक्यांत, पेटीत, डोलकाठीच्या पोटात गोडं पाणी भरून काही तास ठेवा आणि सोडून द्या. असं पुन्हा पुन्हा.

पुरे कधी म्हणायचं? घरात वॉटर प्युरिफायर असेल तर बऱ्याचदा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटरही असतो. नळाच्या पाण्याचा आकडा घ्या. मग टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्याचा घ्या. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ येऊन टेकला की मीठ गेलं. चव घेऊन बघायच्या भानगडीत पडू नका, ते पाणी काय होतं ते वर लिहिलंय.

या टप्प्यावर पितळी स्क्रू तपासा. पिवळ्याचा गुलाबी तांबूस झालेला स्क्रू जस्त गमावून बसलेला असतो. दिसतो शाबूत, पिळला की मोडतो. सगळे बदला, आणि बदलताना 316 ग्रेडचं स्टेनलेस घ्या. हार्डवेअरच्या दुकानात सहसा 304 हातात ठेवतात. त्याला खाडीच्या पाण्यात बारीक खड्डे पडतात.

वाळवणं

आता मुख्य काम, आणि त्यात करायचं फारसं काही नसतं, म्हणूनच ते अवघड.

लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. हवेत 85 ते 90 टक्के आर्द्रता असेल, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट, तर लाकडातला ओलावा 18 ते 20 टक्क्यांच्या खाली उतरत नाही, मग ते घरात पंख्याखाली ठेवा की कुठेही. चिकटवायला तो 12 ते 15 च्या आत हवा. आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास आली की लाकूड आपोआप 11-12 वर येतं. आपल्याकडे ही हवा पाऊस परतल्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यासारख्या दिवसांत सुरू होते आणि थंडीत टिकते. म्हणून कॅलेंडर असं मांडा: ऑगस्ट-सप्टेंबर धुणं, सोडवणं, कापणं. ऑक्टोबर-नोव्हेंबर वाळवणं. डिसेंबर-जानेवारी रेझिन. रंग आणि शीड त्यानंतर.

जागेचा प्रश्न खरा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये होडी ठेवायची परवानगी एक वेळ मिळते, पण घासाईची पांढरी धूळ शेजारच्यांच्या गाड्यांवर बसली की सचिवांचा फोन येतो. वाळवणं पार्किंगमध्ये आणि घासणं दुसरीकडे, अशी विभागणी करा. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या भागांत एखाद्या ओळखीच्या गाळ्यामागची मोकळी जागा महिन्याच्या भाड्याने मिळते का बघा. छपरासाठी नवीन काही घेऊ नका. नवरात्र उतरलं की मंडपवाल्यांचे बांबू मोकळे होतात. निळी ताडपत्री बांबूंवर उंच बांधा, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्री होडीवरच पांघरली तर आत घाम धरतो.

होडी टायरवर उपडी ठेवा, झाकणं आणि बूच उघडी. थेट उन्हात प्लाय ठेवू नका. वरचा थर भराभर वाळतो, आतला ओलाच राहतो आणि पापुद्रे सुटतात. सावली आणि वारा हवा. टाकीच्या एका भोकातून जुना टेबल फॅन हवा मारत राहिला की दुसऱ्यातून दमट वास बाहेर पडतो. तो वास जाणं ही चांगली खूण.

दर आठवड्याला वजन करा. आकडा उतरत जाईल, मग एका जागी थांबेल. सलग तीन वजनं सारखी आली की वाळलं समजा. पिनवाला ओलावामापक मीठ राहिलेल्या लाकडात चढा आकडा दाखवतो, म्हणून मला वजनकाट्यावर जास्त भरवसा आहे. आणखी खात्री हवी तर हातभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून पृष्ठभागावर रात्रभर चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

वजन उतरता उतरत नसेल तर टाकीतला फोम पाणी पिऊन बसला आहे. तो वाळत नाही. आतल्या बाजूने हातभर खिडकी कापा, फोम ओरबाडून काढा, खिडकीला पुढे गोल झाकण बसवता येतं.

रेझिन: कुठे हात आखडता, कुठे नाही

खाडीकाठच्या कोळीवाड्यांत आता फायबरच्या होड्या बऱ्याच आहेत, त्यामुळे फायबरचं काम येणारा माणूस तिथे सापडतो. सुरुवातीच्या दिवशी त्याला मजुरी देऊन बोलवा, हात कसा चालतो ते बघा, मग बाकीचं स्वतः करा. ‘दादा, जुन्यावर नवीन धरेल का?’ हा प्रश्न त्याला जरूर विचारा. तो बहुधा पॉलिस्टर रेझिन आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) वापरत असेल. ते स्वस्त असतं आणि फायबरची होडी मुळात त्याचीच बनलेली असते. पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या थरावर किंवा लाकडावर पॉलिस्टरची पकड इपॉक्सी या महागड्या रेझिनपेक्षा कमी. माझी विभागणी अशी: फायबरच्या हलाला आतून द्यायचा आधार, डेकवरचे तडे, झाकणांच्या कडा इथे पॉलिस्टर चालेल. सेंटरबोर्डची पेटी, ट्रान्सम, डोलकाठीचा बुंधा आणि जिथे जिथे लाकूड आहे तिथे इपॉक्सीच. पूर्ण होडी इपॉक्सीत करण्याइतका पैसा खर्च करायची गरज नाही, पण या जागांवर वाचवलेला पैसा बुडीत.

दोन्ही एकाच ठिकाणी वापरणार असाल तर क्रम सांभाळा. पॉलिस्टरवर इपॉक्सी बसतं, इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा त्याचा जेलकोट (वरचा चकचकीत थर) नीट धरत नाही. आणि साधी चॉप्ड (तुटक धाग्यांची) मॅट इपॉक्सीबरोबर घेऊ नका. तिचे धागे बांधणारा चिकट पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही, त्यामुळे मॅट कडक राहते आणि वळणावर बसत नाही. इपॉक्सीला विणलेलं काचेचं कापड.

खरेदीचा अंदाज असा काढा: 450 ग्रॅमची मॅट एक चौरस मीटर लावायला साधारण एक ते सव्वा किलो पॉलिस्टर लागतं आणि सुकल्यावर जेमतेम एक मिलिमीटर जाडी मिळते. इपॉक्सीत कापडाच्या वजनाइतकं रेझिन धरा. खडूच्या गोलांचं क्षेत्रफळ मोजा, थर ठरवा, मग दुकानात जा. अंदाजाने घेतलेला मोठा डबा अर्धा तसाच जुना होतो.

सुरक्षेचं एक वाक्य ठळक लक्षात ठेवा: पॉलिस्टरचा कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) आणि कोबाल्ट (ती क्रिया वेगात करणारं) एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटॅलिस्ट, तोही एक ते दोन टक्के. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळालं तर तेच घ्या. कॅटॅलिस्ट डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा लावा. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं हा गैरसमज आहे. उलट ते कायम चिकट राहतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि डब्यावर प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा. हाताला लागलं तर थिनरने पुसू नका, ते कातडीत आत जातं. साबण-पाणी वापरा.

फायबरचा तडा असा भरा. तड्याच्या दोन्ही बाजूंना उतार घासा, जाडीच्या बारा पट. हल चार मिलिमीटरचा असेल तर प्रत्येक बाजूला जवळजवळ पाच सेंटिमीटर. खड्डा उथळ ताटलीसारखा दिसतो आणि नवशिक्याला वाटतं आपण चांगली होडी खराब करतोय. घासा. अरुंद खाचेत भरलेलं रेझिन नुसतं बूच असतं, ते जोडत नाही. अॅसिटोनने पुसा, पुसून कोरडं होऊ द्या, मग थर द्या. रोलरने हवेचे बुडबुडे बाहेर काढा. जाड काम एका दिवसात उरकू नका, उष्णतेने तडकतं. डब्यात उरलेलं इपॉक्सी उथळ ताटात पसरा, डब्यात ठेवलं तर धूर सोडतं.

प्लायसाठी कुजलेला तुकडा चौकोनी कापा आणि दोन्ही कडांना रंध्याने उतार द्या, जाडीच्या किमान आठ पट. सहा मिलिमीटरच्या प्लायला सुमारे पाच सेंटिमीटर. नवीन प्लाय आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचं. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस 303 पुढे केलं जातं, ते स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक. शिकंजे इतके आवळू नका की सगळं इपॉक्सी बाहेर निघेल. सागवान लावायचं असेल तर पाडकामातलं जुनं चालतं, स्वस्तही पडतं, पण त्यातलं तेल चिकटण्याच्या आड येतं. लावण्याआधी अॅसिटोनने पुसून घ्या.

इपॉक्सी सुकल्यावर वर मेणासारखा चिकट थर दिसला तर त्यावर लगेच पॉलिश पेपर मारू नका. तो थर पाण्यात विरघळतो. आधी पाण्याने धुवा, नाहीतर घासताना तो आतच दाबला जातो आणि पुढचा थर धरत नाही. गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांची लांबी (पुटी) पाण्याखाली राहणाऱ्या भागात नको, ती पाणी शोषते. इपॉक्सीत सिलिका पावडर मिसळून घट्ट लगदा करा.

पोटातली हवा

डिंगी उलटते. उलटल्यावर तिला तरंगत ठेवतात त्या हवाबंद टाक्या, म्हणून त्यांची चाचणी जमिनीवरच घ्या. झाकण बंद करून एका भोकात नळी घाला, तोंडाने फुंका आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा येतो तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नका, टाकीच फाटेल. फोमच्या जागी थर्माकोल कोंबण्याचा सल्ला हमखास मिळतो. पॉलिस्टर रेझिन थर्माकोलला विरघळवून टाकतं आणि साधं थर्माकोल पाणीही धरतं. त्यापेक्षा दोन लिटरच्या थंड पेयाच्या बाटल्या, झाकणं घट्ट लावून, जाळीच्या पिशवीत. प्रत्येक बाटली जवळपास दोन किलो उचलते, आणि एक फुटली तरी बाकीच्या शाबूत.

डोलकाठी, शीड, दोर

अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत गाळ भरलेला असतो, पाण्याच्या दाबाने काढा. स्टेनलेस रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली तर तिथे अॅल्युमिनियम खाल्लं जातंय. रिव्हेट काढा, नवीन बसवताना मध्ये लॅनोलिन किंवा झिंक क्रोमेट लावा. डोलकाठीला धरणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर तार तुटायला लागली आहे. ती बदलाच.

शीड गोड्या पाण्यात भिजवा, सौम्य साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन नको, इस्त्री नको. उसवलेली शिवण ताडपत्री शिवणाऱ्यांकडून करून घेता येते, फक्त दोरा पॉलिस्टरचा सांगा. सुती दोरा महिन्यांत कुजतो.

रंगावर मी फार खर्च करत नाही. घासून एक प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग ब्रश-रोलरने, स्प्रे नको, त्याची वाफ फुप्फुसांना घातक. जमिनीवर ठेवायच्या होडीला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) लागतच नाही. घासाईची धूळ आणि जुन्या रंगाचे पापुद्रे गोळा करून कचऱ्यात, खाडीत किंवा कांदळवनात नाही.

पाण्यात

उतरवण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात विचारणा करा, इंजिन लावणार असाल तर नक्कीच. ऐरोली आणि वाशी पुलांमधला पश्चिम किनाऱ्याकडचा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे मोकळीक धरून चालू नका. डोलकाठी उभी असताना वर बघा. खाडीवरून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत आणि अॅल्युमिनियमची काठी त्यांना टेकण्याची गरजही नसते, जवळ गेली तरी पुरतं.

भरती-ओहोटीचं कोष्टक बघून पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी उतरा. ओहोटीत ठाणे खाडीच्या काठाला कंबरभर चिखल असतो, उशीर झाला तर होडी ओढत आणायला कुणी येत नाही. पहिल्या वेळी शीड न लावता, लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात नुसतं बसा. सेंटरबोर्डच्या पेटीभोवती बोट फिरवा. मग मुद्दाम पाणी भरून घ्या आणि दोघे बसून कडा पाण्याच्या वर राहते का ते बघा. राहिली नाही तर बाटल्या वाढवा, शीड नंतर.

पुढचा पावसाळा येण्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, तिची जागा बदला. नाल्यालगतची आणि उधाणाची रेषा पोचते ती जागा टाळा. डोलकाठी उतरवा, होडी टायरवर उपडी करा, बूच उघडं ठेवा. दोन आडवे पट्टे घेऊन जमिनीतल्या खुंट्यांना बांधा. पाणी चढलं तरी खुंट्या सुटू नयेत म्हणून त्या किमान दोन फूट खोल ठोका.